पोस्टर जुने आहे, पण कोणत्या वर्षाचे?

प्रश्न : मी कोथरूडला राहतो आणि बँकेत नोकरी करतो. माझे मामा पुण्यातल्या एका एकपडदा चित्रपटगृहात बरीच वर्षे बुकिंग क्लार्क होते. घर बदलताना त्यांनी माळ्यावरची एक पत्र्याची ट्रंक मला दिली. तिच्यात घड्या घातलेली सिनेमाची वीसेक पोस्टर्स आणि गाण्यांच्या पुस्तिकांचा एक गठ्ठा निघाला. तेव्हापासून मला जुनी, अस्सल पोस्टर्स जमवण्याचा नाद लागला आहे. एका विक्रेत्याने १९६०च्या सुमारास आलेल्या एका गाजलेल्या हिंदी चित्रपटाचे ‘पहिल्या रिलीजचे ओरिजिनल’ पोस्टर २५,००० रुपयांना देऊ केले आहे. त्याचे फोटो सोबत पाठवत आहे. ते घ्यावे का? अस्सल पोस्टर ओळखावे कसे? पत्नीचे म्हणणे असे, की एवढे पैसे घालायचे तर ती गुंतवणूक ठरली पाहिजे. शिवाय मामांची पोस्टर्स दिवाणखान्यात लावायची आहेत. फ्रेमवाला म्हणतो, लॅमिनेट करून प्लायवर चिकटवून देतो, म्हणजे कायमची टिकतील. आपला सल्ला हवा आहे. – एक वाचक, कोथरूड

उत्तर : प्रथम विक्रेत्याच्या पोस्टरविषयी लिहितो, कारण त्याला होकार किंवा नकार कळवण्याची घाई तुम्हाला असणार. सांगितलेल्या किमतीला ते पोस्टर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण तुम्हीच पाठवलेल्या तिसऱ्या फोटोत आहे. पोस्टरच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात, वितरकाचे नाव आणि मुंबईचा पत्ता बारीक अक्षरांत छापलेला आहे आणि त्या पत्त्याच्या शेवटी सहा आकडी पिनकोड आहे. आपल्याकडे पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तेव्हा हा कागद छापखान्यातून बाहेर पडला तो त्यानंतरच केव्हातरी, आणि चित्रपटाच्या पहिल्या प्रदर्शनाशी त्याचा संबंध असणे शक्य नाही.

याचा अर्थ ते पोस्टर बनावट आहे, असा मात्र घेऊ नका. टेलिव्हिजन आणि व्हिडिओ कॅसेट घरोघरी पोहोचण्यापूर्वी जुना चित्रपट पुन्हा पाहण्याचे ठिकाण चित्रपटगृह हेच होते, त्यामुळे गाजलेले चित्रपट काही वर्षांच्या अंतराने पुन्हापुन्हा लागत आणि प्रत्येक फेरीसाठी वितरक, कधी जुन्याच चित्रावरून तर कधी नवे चित्र काढून घेऊन, पोस्टर्स छापत असे. या धंद्यातली माणसे त्याला ‘रिपीट रन’चे किंवा ‘री-रिलीज’चे पोस्टर म्हणतात. तेही चित्रपटगृहासाठीच छापलेले असते, त्यालाही आता चार-पाच दशके झालेली असू शकतात आणि पुष्कळ जाणते संग्राहक ते आनंदाने घेतात. फक्त पहिल्या प्रदर्शनाच्या पोस्टरची किंमत त्याला कोणी देत नाही. तुमच्या विक्रेत्याला हे ठाऊक नसेलही, कारण माल गठ्ठ्याने घेणारा माणूस प्रत्येक कागदाची तळओळ वाचत बसत नाही. त्याला पिनकोड दाखवा आणि री-रिलीजचे पोस्टर म्हणून तो काय किंमत सांगतो, ते शांतपणे विचारा. चित्र तुम्हाला मनापासून आवडले असेल आणि आकडा निम्म्याच्याही बराच खाली आला, तर घ्यायला हरकत नाही. तो हटून बसला, तर दुसरे पोस्टर मिळेल.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. अस्सल की नकली, असा एकच प्रश्न विचारल्यामुळे नवखे संग्राहक फसतात. विचारायचे प्रश्न दोन आहेत. हा कागद चित्रपटाच्या प्रदर्शनासाठी छापला गेला की पुढे शोभेसाठी, हा पहिला. आणि प्रदर्शनासाठी छापला असेल तर कोणत्या प्रदर्शनासाठी, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कागद आणि छपाई देतात. दुसऱ्याचे उत्तर पोस्टरवरचा मजकूर देतो, आणि माझ्या अनुभवात जास्त पैसे बुडतात ते या दुसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष केल्याने.

मजकूर वाचण्याची सवय लावून घ्या. पिनकोडचे वर्ष वर सांगितलेच. कोपऱ्यात ‘यूए’ असे प्रमाणपत्राचे चिन्ह असेल, तर छपाई १९८३ च्या आधीची नाही, कारण तोपर्यंत ‘यू’ आणि ‘ए’ असे दोनच सर्वपरिचित वर्ग होते. पत्त्यात ‘बॉम्बे’ऐवजी ‘मुंबई’ असे इंग्रजीत छापलेले असेल, तर ते बहुधा १९९५ नंतरचे समजावे. या खुणांचा उपयोग एकाच दिशेने होतो, हे मात्र नीट ध्यानात ठेवा : पिनकोड दिसला तर पोस्टर १९७२ नंतरचे हे नक्की, पण पिनकोड नाही म्हणून ते त्याआधीचे, असे म्हणता येत नाही. नावांचा क्रम आणि चेहऱ्यांचे आकारही बोलके असतात. एखाद्या नटाचे पहिल्या प्रदर्शनाच्या वेळी दुय्यम स्थान असेल आणि पुढे तो मोठा तारा झाला असेल, तर री-रिलीजच्या पोस्टरवर त्याचा चेहरा नायकापेक्षाही मोठा झालेला दिसतो. कृष्णधवल चित्रपट पुढे रंगवला गेला असेल, तर प्रश्नच मिटतो; १९६० च्या ‘मुग़ल-ए-आज़म’ची रंगीत आवृत्ती २००४ साली प्रदर्शित झाली आणि तिची वेगळी पोस्टर्स निघाली, पण दोन्हींना ‘मुग़ल-ए-आज़मचे ओरिजिनल’ म्हणणारे लोक भेटतात.

त्याहून सूक्ष्म प्रकार असा, की पहिल्या प्रदर्शनातच एकापेक्षा जास्त छपाया होतात. १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्यात विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला, हे आपल्या शहरात अजून अभिमानाने सांगितले जाते. अडीच वर्षे भिंतींवर नवी पोस्टर्स लावत राहायचे, तर पहिल्या आठवड्यासाठी छापलेला गठ्ठा पुरणार नाही, हे उघड आहे. अशा चित्रपटाचे ‘रौप्यमहोत्सवी सप्ताह’ असे छापलेले पोस्टर पहिल्याच प्रदर्शनाचे असते, पण पहिल्या दिवसाचे नसते. मला स्वतःला असली पोस्टर्स अधिक आवडतात, कारण चित्रपट लोकांनी कसा उचलून धरला, ते त्यांच्यावरच लिहिलेले असते. बाजार मात्र पहिल्या दिवसाच्याच मागे धावतो.

इंग्रजी चित्रपटांच्या बाबतीत काम सोपे आहे. अमेरिकेत १९४० पासून १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक पोस्टर्स ‘नॅशनल स्क्रीन सर्व्हिस’ या संस्थेमार्फत चित्रपटगृहांकडे जात आणि त्यांच्या तळाशी वर्ष व क्रमांक छापलेला असे. पुनःप्रदर्शन असेल तर वर्षाआधी इंग्रजी ‘आर’ हे अक्षर येई. त्यांचे नेहमीचे माप २७ × ४१ इंच, आणि ब्रिटिश ‘क्वाड’ ४० इंच रुंद व ३० इंच उंच असे आडवे. आपल्याकडे अशी क्रमांकाची शिस्त कधीच नव्हती. भारतीय पोस्टर साधारणपणे ३० × ४० इंचांचे उभे किंवा त्याच्या निम्मे, म्हणजे २० × ३० इंचांचे असते, आणि भिंतीवरची मोठी पोस्टर्स अनेक कागद जोडून होत. माप घेताना घडीच्या किंवा छाटलेल्या कडांमुळे अर्धा-पाऊण इंच इकडेतिकडे होते, त्याची काळजी करू नका. पण कोणी २४ × ३६ इंचांचे हिंदी ‘ओरिजिनल’ पुढे केले, तर तिथेच थांबा, कारण शोभेच्या प्रतींचे ते लाडके माप आहे.

कागद आणि छपाई पाहण्यासाठी सराफ वापरतात ते दहा पट मोठे दाखवणारे भिंग घ्या. संग्रहासाठी पहिला पैसा खर्च करायचा तो त्यावर. १९५० च्या दशकापर्यंतची आपली बहुतेक पोस्टर्स लिथोची आहेत. चित्रकाराने रंगवलेल्या मूळ चित्रावरून कारागीर प्रत्येक रंगासाठी दगडावर किंवा जस्ताच्या पत्र्यावर हाताने वेगळे रेखाटन करत, आणि ते रंग एकावर एक छापले जात. भिंगातून अशा पोस्टरवर खडूने घासल्यासारखा अनियमित रवा दिसतो आणि अक्षरे सलग, भरीव रंगाची दिसतात. पुढच्या ऑफसेट छपाईत चार रंगांचे नियमित ठिपके ठरावीक कोनांत मांडलेले असतात आणि त्यांच्या लहान लहान फुलांसारख्या आकृती होतात. आजच्या संगणकी प्रिंटमध्ये ठिपके फवारल्यासारखे विखुरलेले असतात. म्हणून १९४० च्या दशकातले म्हणून दाखवलेल्या पोस्टरवर, अगदी शीर्षकाच्या अक्षरांतसुद्धा, चार रंगांचे ठिपके दिसले, तर ते जुन्या पोस्टरच्या फोटोवरून छापलेले आहे, असे समजायला हरकत नाही. चेहऱ्यांच्या जागी छायाचित्रे वापरलेली लिथो पोस्टर्स असतात आणि त्या चेहऱ्यांत ठिपके सापडू शकतात. त्यामुळे निर्णय अक्षरांवरून आणि सपाट रंगांवरून करावा.

याच फोटोवरून केलेल्या छपाईची दुसरी खूण तर भिंगाशिवायही सापडते. जुनी पोस्टर्स घडी घालून गावोगावी पाठवली जात, त्यामुळे घड्या असणे स्वाभाविक आहे. खऱ्या घडीवर बोट फिरवले की खोलगट रेघ लागते, तिथली शाई तुटलेली असते आणि आतले पांढरे तंतू दिसतात. नकलेत घडीसुद्धा छापलेली असते! कागद सपाट, बोटाला काहीही लागत नाही, पण डोळ्यांना चार घड्या आणि एक फाटलेला कोपराही दिसतो. तळाशी छापखान्याचे नाव असते, त्याची बारीक अक्षरे नकलेत पुसट होतात किंवा कड कापताना गळूनच जातात.

तुम्ही बँकेत आहात, म्हणून आणखी एक सोय सांगतो. नोटा तपासण्यासाठी जो अतिनील दिवा असतो, त्याची लहान बॅटरी बाजारात स्वस्त मिळते. कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून घातली जाणारी चकाकी देणारी रसायने साधारण १९५० नंतर कागदात सर्रास येऊ लागली. अंधाऱ्या खोलीत त्या दिव्याखाली असा कागद निळसर पांढरा उजळतो. १९३६ चे म्हणून सांगितलेले पोस्टर तसे लखलखले, तर संशय घेण्यास पुरेपूर जागा आहे. न लखलखणारा कागद जुनाच असतो, असे मात्र नाही. कागदाच्या पिवळेपणावर तर मुळीच विसंबू नका. चहाच्या पाण्यात बुडवून कागद जुना करण्याची युक्ती शाळेतली मुलेही जाणतात. खरा कागद कडांना आणि घड्यांना अधिक तपकिरी होतो, बुडवलेला बहुतेक सगळीकडे सारखाच दिसतो.

एखादे पोस्टर फारच स्वच्छ आहे, म्हणून ते नाकारू नका, हेही सांगायला हवे. भिंतीला खळीने चिकटवलेले पोस्टर वाचतच नाही. त्याच्यावर पुढच्या शुक्रवारी दुसरे बसते. आपल्यापर्यंत पोहोचलेली बहुतेक पोस्टर्स वितरकांच्या गोदामांत किंवा चित्रपटगृहांच्या कपाटांत न वापरता पडून राहिलेली आहेत, आणि गोदामे रिकामी होताना बाकीचा माल रद्दीच्या भावाने वजनावर गेला. म्हणून मागची बाजू अवश्य पाहा. वितरकाचा रबरी शिक्का, पुढच्या शाईची मागे उमटलेली छाया आणि घडीच्या बाहेरच्या पानावर बसलेली धूळ, या गोष्टी सहसा कोणी बनवायला जात नाही.

डोळा तयार होण्यासाठी पुण्यासारखे शहर नाही, आणि त्याचा तुम्ही फायदा घेतला पाहिजे. लॉ कॉलेज रस्त्यावरचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले. तिथे चित्रपटांबरोबर पोस्टर्स, छायाचित्रे आणि गाण्यांच्या पुस्तिकाही जतन केल्या आहेत. वेळ ठरवून, रीतसर विनंती करून अभ्यासासाठी जा आणि ज्या काळाची पोस्टर्स घ्यायची आहेत, त्या काळची अस्सल पोस्टर्स एकदा नीट पाहून घ्या. संगणकाच्या पडद्यावर पाहून रंग कळतात. कागदाची जाडी आणि लिथोचा रवा कळत नाही.

त्याच रस्त्यावर चित्रपट प्रशिक्षण संस्था आहे, ती प्रभात फिल्म कंपनीच्या स्टुडिओच्या जागेत १९६० पासून उभी आहे. प्रभात १९२९ साली कोल्हापुरात निघाली आणि १९३३ मध्ये पुण्यात आली, हे तुम्हाला ठाऊक असेल. पोस्टरांच्या दृष्टीने लक्षात घ्यायचे ते असे, की तिचे संस्थापक दामले आणि फत्तेलाल हे मुळात चित्रकलेतले लोक होते आणि दोघेही बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले होते. बाबूरावांनी १९२४ च्या ‘कल्याण खजिना’साठी केलेले पोस्टर आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या सचित्र भारतीय पोस्टरांपैकी एक मानले जाते. नाटकाचे पडदे रंगवणारे हात पोस्टरांकडे वळले आणि ती परंपरा कोल्हापूरहून पुणे-मुंबईला आली, जी. कांबळे हे त्याच मातीतले. पुढे मुंबईत दिवाकर करकरे यांच्यासारख्यांनी सत्तरच्या दशकातल्या हिंदी चित्रपटांना त्यांचा तो जाड फटकाऱ्यांचा, तापलेल्या रंगांचा चेहरा दिला. पोस्टरवर चित्रकाराची किंवा त्याच्या स्टुडिओची सही असेल, तर तिची नोंद करून ठेवा. आपल्याकडे नटांच्या नावाने पोस्टर्स शोधली जातात, चित्रकारांच्या नावाने शोधणारे अजून थोडे आहेत, आणि माझ्या मते संग्रह करण्याजोगी खरी जागा तिथेच आहे.

त्यावरून काय जमवावे, याविषयी बोलतो. ‘जुनी पोस्टर्स’ एवढ्यावर थांबलात, तर वर्षभरात घरात कागदांचा ढीग होईल आणि त्यातल्या एकाचीही नीट ओळख तुम्हाला नसेल. क्षेत्र लहान करा. एखादा चित्रकार घ्या, किंवा साठ-सत्तरच्या दशकांतले मराठी तमाशापट घ्या, किंवा मामांच्या चित्रपटगृहात लागलेले चित्रपट एवढीच मर्यादा घाला. ही शेवटची कल्पना मला सर्वांत पसंत आहे. प्रभातच्या पोस्टरांचा मोह पुणेकराला होतो, परंतु सुरुवातीला त्यांच्या वाटेला जाऊ नये, कारण ती फार दुर्मीळ आहेत आणि दुर्मीळ वस्तूच्या नकला आधी निघतात. शंभर वर्षांवरील वस्तूंना आपल्याकडे १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होऊ शकतो आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही, हेही मूकपटांच्या काळाकडे वळण्यापूर्वी माहीत असलेले बरे.

गाण्यांच्या पुस्तिकांकडे तुम्ही पत्रात एका वाक्यापलीकडे पाहिलेले नाही, याचे मला आश्चर्य वाटले. चित्रपटगृहाच्या आवारात काही आण्यांना विकल्या जाणाऱ्या त्या चार-आठ पानांत कथेचा गोषवारा, गाणी आणि श्रेयनामावली असते, मुखपृष्ठावर बहुधा पोस्टरचेच चित्र असते, आणि त्या पोस्टरपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतात. जागाही लागत नाही. नव्या संग्राहकाने पहिले वर्ष पुस्तिकांवरच काढावे, असे मी सुचवीन. त्यांच्या आधारे पुढे पोस्टरांवरची नावे आणि चित्रे पडताळता येतात.

खरेदीसाठी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जायला हरकत नाही, मात्र तिथे सिनेमाचा कागद क्वचितच हाती लागतो आणि लागला तर त्याची किंमत विक्रेता तुमच्या चेहऱ्याकडे पाहून ठरवतो. मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर पोस्टरांची दुकाने आहेत. तिथे अस्सल आणि नव्या प्रती शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात आणि सरळ विचारले तर बरेच दुकानदार सरळ सांगतात. ऑनलाइन घ्यायचे झाल्यास चारही कडा, मागची बाजू, तळओळ आणि भिंगातून काढलेला एक फोटो मागा, आणि बिलावर ‘पहिल्या प्रदर्शनाचे मूळ पोस्टर, तसे नसल्यास पैसे परत’ असे लिहून मागा. प्रामाणिक विक्रेता याला नाही म्हणत नाही.

तुमच्या पत्नीच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण निष्कर्ष मी उलटा काढतो. वर्तमानपत्रांत जे आकडे येतात, ते अपवादांचे असतात : १९३१ च्या ‘ड्रॅक्युला’चे एक पोस्टर २०१७ साली अमेरिकेत लिलावात ५,२५,८०० डॉलरला गेले, कारण त्या प्रकारच्या अगदी मोजक्या प्रती उरल्या आहेत. भारतीय पोस्टरांच्या बाजारात रोजचा भाव सांगणारी कोणतीही सोय नाही, घ्यायचा भाव आणि विकायचा भाव यांत मोठी तफावत असते, आणि घाईने विकायला गेलात तर तोच दुकानदार तुम्हाला निम्मेही देणार नाही. हा खर्च हौसेच्या खात्यात घाला, वर्षाचा आकडा दोघांनी बसून ठरवा आणि तो ओलांडू नका. गुंतवणुकीसाठी तुमच्याच बँकेत दुसरे मार्ग आहेत.

आता फ्रेमवाल्याचे. त्याला लॅमिनेशन करू देऊ नका आणि प्लायवर तर मुळीच चिकटवू देऊ नका. पोस्टरांचा कागद स्वस्त लाकडी लगद्याचा असतो. त्यातच आम्ल तयार होत असते आणि त्यामुळे तो पिवळा व ठिसूळ होतो. लॅमिनेशन केले की ते आम्ल आतच कोंडले जाते, उष्णतेने शाईला इजा होते, आणि पुढे तो थर कागदाला धक्का न लावता निघत नाही. फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदाचेही तेच. अशा पोस्टरला संग्राहक जवळजवळ काहीच किंमत देत नाहीत. फाटलेल्या किंवा फार ठिसूळ पोस्टराला आधार द्यायचाच असेल, तर गव्हाच्या स्टार्चची खळ आणि जपानी टिश्यू वापरून ते कापडावर बसवतात. ते पुढे पाण्याने सोडवता येते. हे काम कागद-संवर्धनाचे शिक्षण घेतलेल्या माणसाचे आहे. घरी कराल ते फक्त एवढेच करा, की सेलोटेप लावू नका आणि घड्या मोडण्यासाठी इस्त्री फिरवू नका. ट्रंकेतली पोस्टर्स कोरड्या दिवशी मोठ्या स्वच्छ टेबलावर एकेक करून उघडा. घडीवर कागद करकरू लागला, तर तिथेच थांबा. दोन पोस्टर्स एकमेकांना चिकटलेली असतील, तर वाफ देऊन सोडवण्याचा मोह टाळा.

फ्रेम करायची असेल, तर आम्लविरहित माउंट, पोस्टर आणि काच यांच्यात थोडी मोकळी जागा, आणि अतिनील किरणे अडवणारी काच किंवा ॲक्रिलिक, एवढ्या तीन गोष्टी मागा. पोस्टर माउंटला चिकटवायचे नाही, कोपऱ्यांवर कागदी खोळींत अडकवायचे. पावसाची झोड लागते ती बाहेरची भिंत पुण्यात चार महिने ओल धरते; पोस्टर आतल्या भिंतीवर लावा आणि फ्रेमच्या मागे रबरी गुंड्या लावून हवेला वाट ठेवा. उन्हाची तिरीप येते तिथेही नको. रस्त्याकडेची जुनी पोस्टर्स निळी पडलेली तुम्ही पाहिली असतील. लाल आणि पिवळी शाई उन्हाने आधी उडते. शक्य असेल तर भिंतीवर एका वेळी एकच पोस्टर ठेवा आणि तीन-चार महिन्यांनी बदला. बाकीची लोखंडी कपाटात, मधल्या फळीवर, सपाट, प्रत्येकी वेगळ्या पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवावीत. मऊ पीव्हीसीचे पाकीट, वर्तमानपत्र आणि डांबराच्या गोळ्या, तिन्ही दूर ठेवा. पावसाळा सरला की ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत कपाट उघडून कसर किंवा वाळवी लागली नाही ना, ते पाहावे. माळ्यावर पुन्हा काहीही ठेवू नका.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण फोटोत दिसते. मामांच्या दोन पोस्टरांच्या खालच्या बाजूला चित्रपटगृहाच्या नावाची आणि ‘शुक्रवार’पासून सुरू होणाऱ्या तारखेची छापील पट्टी चिकटवलेली आहे. खालचे चित्र पूर्ण दिसावे म्हणून ती सोडवण्याचा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईल, तो ऐकू नका. पट्टीवर वर्ष नाही, पण वार आणि तारीख आहे, आणि अमुक तारखेला शुक्रवार येतो अशी वर्षे मोजकीच असतात. जुन्या दैनिकांच्या फायलींत चित्रपटगृहांच्या जाहिराती पाहिल्या, की त्यांतले नेमके वर्ष सापडेल. त्याआधी मामांकडे जाऊन बसा. कोणते पोस्टर कोणत्या फेरीचे, ते वितरकाकडून आले की कपाटात उरले, हे त्यांना जेवढे आठवते तेवढे पोस्टरवर नव्हे, तर वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहून घ्या, आणि तो कागद त्या पोस्टरच्या पाकिटाला बाहेरून जोडा.